पिवळ्या मशीनचा नट

१

जवळा बाजारच्या बचत गटाचं शेड उभं राहून सहा दिवस झाले होते. सातव्या दिवशी दुपारी त्याची एक पर्लीन तीन पत्र्यांसकट खाली आली. पर्लीन म्हणजे पत्रे ज्याच्यावर टेकतात तो आडवा लोखंडी दांडा. वारं सुटलं होतं हे खरं, पण ते काही फार नव्हतं. शेजारच्या पानटपरीवरची ताडपत्री जागची हलली नाही आणि बारा बोल्टांनी आवळलेलं लोखंड मात्र खाली आलं. शेडात सोयाबीन निवडत बसलेल्या भिकाबाईच्या मांडीवर दांडा पडला आणि हाड मोडलं.

ही गोष्ट २००८ सालची, दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांतली. मी करुणा इंगोले. हिंगोलीत पोरांना फिटरचं काम शिकवते. बाईमाणूस फिटर कशी, असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं मी दहा वर्षांपूर्वीच सोडून दिलं. लोक मला संशयी म्हणतात, आणि ते बरोबर आहे. मी दुसऱ्याने घेतलेलं माप कधी मानत नाही, स्वतः घेते. भाजीवालीसुद्धा मला बघून काटा सरळ धरते.

भिकाबाईला नांदेडला हलवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई खंदारे माझ्या दारात उभी राहिली. विहारात आमची नेहमीची भेट. एरवी मोठ्या आवाजात जय भीम घालणारी बाई आज चप्पल हातात घेऊन पायरीवरच बसली.

"करुणाताई, माझ्या प्रमोदचं नाव घेऊन राहिले ते. भर बाजारात घेतलं. म्हणे त्यानंच बोल्ट ढिले ठेवले, आन् मशीनच्या निवडीत बी दगा केला."

"कोण म्हणतं?"

"प्रभू मालक. सोमवारी ठाण्यात नाव लिवून देणार हाय. दोन लेकरं हायत त्याला, ताई. एकदा नाव गेलं तर या जिल्ह्यात कोण चढवील त्याला पत्र्यावर?"

प्रमोद माझाच विद्यार्थी. चौदा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या तुकडीत होता, आणि प्रभू कऱ्हाळेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात त्याला मीच चिकटवला होता. पण मी केशरबाईला धीराचं काही बोलले नाही. आधी बघू, एवढंच म्हणाले. कारण प्रमोदने हे केलं नसेलच, अशी माझी तरी कुठे खात्री होती?

२

प्रभू कऱ्हाळेचं दुकान औंढा रस्त्याला आहे. मी गेले तेव्हा वीज गेलेली होती. त्या वर्षी दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन असायचं. जनरेटर घेऊन खेड्यापाड्यांत हिंडायचं तर डिझेल परवडत नाही. म्हणून प्रभूने बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यायचं ठरवलं होतं. साधं ड्रिल नुसतं फिरतं. हे मशीन फिरता फिरता आतून हातोडीसारखे ठोके देतं, त्यामुळे नट आवळायला जोर येतो. त्या जोराला टॉर्क म्हणतात. खोक्यावर त्याचा आकडा छापलेला असतो, आणि खोक्यावरच्या आकड्याइतकी बेभरवशाची गोष्ट मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

"मी काही डोळे झाकून घेतलं न्हाई, मॅडम," प्रभू म्हणाला. उंचापुरा, तोंडाने फटकळ माणूस, पण दोन दिवसांत चेहरा उतरला होता. "दोन मशीनी लावल्या की समोरासमोर. एक काळी, नांदेडच्या रतनसिंगची. तिच्या खोक्यावर एकशेचाळीस. दुसरी पिवळी, माझ्या साडूच्या दुकानातली. तिच्यावर एकशेसत्तर. ह्या लोखंडी अँगलला दोन बोल्ट लावले, एकेक नट एकेका मशीननं आवळला. मग पान्याला पाइप घालून खोलायचे. जो जड जाईल, ती मशीन आपली."

"कधी केलं हे?"

"खंडेनवमीला. सकाळी नट आवळले, पर खोलणार कशानं? तवर दुकानातल्या जुन्या ज्ञानबामामानं समदे पाने, हातोडे देवीम्होरं मांडून पूजा केली व्हती. पूजेतली हत्यारं दसऱ्याला उत्तरपूजा होईस्तोवर कोण उचलतं? मग दसऱ्याला खोलले. काळीचा नट एकट्या ज्ञानबामामानं खोलला. पिवळीचा दोघांनी लटकून बी सुटेना. सुटला तरी सुटेना. शेवटच्या आट्यापर्यंत रडवलं बघा त्यानं."

"मग आता तक्रार काय?"

प्रभूने टेबलाखालून पिवळं मशीन काढलं आणि एका बोल्टावर नट आवळून दाखवला. मशीनने खटखट चांगली केली. मग त्याने नुसता पाना लावला, पाइप नाही काही नाही, आणि एका हाताने नट सोडवला.

"काल घरी जाऊन हे बघितलं आन् माझं डोस्कं फिरलं. ही मशीन तो नट तसा आवळूच शकत न्हाई, मॅडम. म्हंजी खंडेनवमीच्या दुपारनंतर आन् दसऱ्याच्या आधी कोणीतरी हातानं आवळून ठिवला. आन् त्या टायमाला दुकानातले समदे पाने पूजेत व्हते. हळदी-कुंकू लावलेले, फुलं वाहिलेले. एकबी हललेला न्हाई, मी सोता उत्तरपूजा केली."

"सगळे?"

प्रभूने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "एकाची पेटी सोडून. तो पूजा करत न्हाई. त्याची पेटी त्या कोपऱ्यात व्हती."

३

प्रमोद घराच्या मागच्या अंगणात बसला होता. समोर त्याची ती पेटी उघडी होती आणि तो एकेक पाना पुसून परत ठेवत होता. पुसायची काही गरज नव्हती, सगळे लखलखत होते. त्याची बायको ऐश्वर्या चहा ठेवून आत गेली.

मी आडवळणाने विचारणारी नाही. "प्रमोद, तो नट तू आवळलास का?"

त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि ते मला रागापेक्षा वाईट वाटलं. "तुमी बी, मॅडम?"

"मी सगळ्यांनाच विचारणार आहे. तुला सोडलं तर माझ्या विचारण्याला काय किंमत?"

"न्हाई आवळला."

"पिवळं मशीन तुला हवं होतं, असं प्रभू म्हणतो."

"व्हय. खोटं काहून बोलू? काळी जड हाय. दिवसभर डोस्क्यावर हात करून धरायची म्हंजी खांदे तुटतेत. पिवळी हलकी. मी मालकाला म्हणलो व्हतो, जोर बराबर असला तर पिवळीच घ्या."

"खंडेनवमीला दुकानातून कधी निघालास?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "समदे चारला गेले. मी पाचला."

"तासभर एकटा होतास?"

"दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचं व्हतं. आमच्या वस्तीतली जीप सात वाजता निघणार व्हती. दुकानात नळाला पाणी व्हतं, घरी नव्हतं. अंघोळ केली, कापडं बदलली. पेटी तिथंच ठिवली आन् निघालो. परत आलो तवर मशीन ठरून गेलती. मालक म्हणले पिवळी, मला आनंदच झाला."

एकटा, तासभर, हाताशी पाने आणि पसंतीचं मशीन. मला कोणी ही गोष्ट दुसऱ्या माणसाबद्दल सांगितली असती तर मी लगेच मान डोलावली असती. प्रमोदने पुसलेला पाना पुन्हा उचलला आणि पुन्हा पुसायला घेतला.

"जवळ्याला बोल्ट कसे आवळलेस?" मी विचारलं.

"मशीन ठोके देऊन राहिली की मी मनात चार मोजायचो. चार आकडे झाले, मग पुढचा. पर्लीनवर उभा राहूनच आवळले. दोन दिवस वरच व्हतो."

निघताना तो म्हणाला, "मॅडम, मालकानं बाजारात माझं नाव घेतलं तवा मी तिथंच उभा व्हतो. चौदा वर्सं एका ताटात जेवलेली मान्सं माझ्याकडं अशी बघून राहिली व्हती, जसा मी आजच गावात आलो."

तरी त्याच्यावरचा माझा संशय गेला होता असं नाही. तो एकटेपणाचा तास माझ्या डोक्यातून हटेना.

४

रतनसिंग मला नांदेडहून भेटायला आला तो त्याच्या हत्यारांच्या व्हॅननेच. पन्नाशीचा गप्पिष्ट माणूस. महिन्यातून दोनदा हिंगोली, वसमत, औंढा असा फेरा मारतो आणि प्रत्येक दुकानात चहा पितो.

"मॅडमजी, मेरी मशीन हारी, तो मी काय बोलणार? पण खरं सांगतो, मला तेव्हाच अजब वाटलं. काळीचा आकडा कमी आहे, कारण कंपनी खरा छापते. पिवळीवाल्याने कुठे मोजला, कसा मोजला, रब जाने."

"तुम्ही तिथे होता?"

"खंडेनवमीला सकाळी होतो. दसऱ्याला नाही. दसऱ्याला नांदेड सोडून मी कुठे जाणार? सकाळी मी दारात चहा पीत होतो. प्रभूभाई घड्याळ घेऊन, प्रमोदच्या हातात मशीन. ज्ञानबाजींनी नट बोटाने दोन आटे चढवून ठेवले होते, प्रमोदने मशीन लावली."

"दोन्ही नट ज्ञानबानेच चढवले?"

"दोन्ही. प्रमोद तर नंतर आला, तोवर बोल्ट लागलेच होते."

मी हे लक्षात ठेवलं. पण माझी नजर त्याच्या व्हॅनमध्ये फिरत होती. ग्राइंडिंगच्या चकत्या, हातमोजे, ड्रिलची पाती आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बोटाएवढ्या लाल बाटल्या.

"हे काय विकता?"

"हे? नट पक्का करायचं औषध. ग्राइंडरचे, थ्रेशरचे नट थरथरीने ढिले होतात ना, तेव्हा आट्यांवर एक थेंब टाकायचा. आवळलं की आत वाळतं. दुसऱ्या दिवशी नट बापालाही सुटणार नाही. गरम करावा लागतो. सॅम्पल वाटत असतो मी."

"प्रभूच्या दुकानात दिली होती?"

"दिली असेल. कोणाला दिली ते मात्र आता आठवत नाही, मॅडमजी." एवढं बोलून बोलका रतनसिंग एकदम व्हॅनचं दार लावायला लागला.

५

मी तडक प्रभूच्या दुकानात परत गेले आणि तो अँगल मागितला. तो अजून कोपऱ्यातच पडला होता. दोन्ही बोल्ट त्यात होते, नट नुसते अडकवून ठेवलेले. पिवळीच्या बोल्टाच्या आट्यांत लाल काहीतरी होतं.

"ते पूजेचं कुंकू हाय," मागून आवाज आला.

ज्ञानबा दारात उभा होता. साठीचा, सडपातळ माणूस. प्रभूच्या वडिलांच्या काळापासून या दुकानात आहे. नट आवळून झाला की पान्यावर कान लावल्यासारखं करायची त्याची सवय होती. पोरं त्याला हसायची. पण त्याने हाताने आवळलेला नट ढिला झाला, असं जिल्ह्यात कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

"बसा की, काका," मी म्हणाले. "तुमच्याशीच बोलायचंय. ही मशीनं तुम्हाला पसंत होती का?"

"माझ्या पसंतीला कोण इचारतंय? पहिल्यांदी हातानं आवळणारे आमी सहा जण व्हतो. मशीन आली की दोघं पुरतील, असं मालक म्हणत व्हते. चला, जमाना हाय."

"प्रमोदने बोल्ट ढिले ठेवले असं तुम्हाला वाटतं?"

त्याने खांदे उडवले. "त्याचं त्याला ठाऊक. मी तिथं नव्हतो. मला मालकानं नर्सीला धाडलं, गेटाच्या कामाला. मी म्हणलो बी व्हतो, मी जवळ्याला जातो, पोरगं म्होरं मशीन मारंल आन् मी मागून पाना फिरवीत येतो. तवा मालक म्हणले, दोनदा कशाला? ऐकलं असतं तर भिकाबाईची मांडी शाबूत ऱ्हायली असती."

हे सांगताना त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. ती काही बतावणी नव्हती. भिकाबाई त्याच्या चुलतभावाची विधवा, हे मला नंतर कळलं. मी त्याला पाणी दिलं. पण त्याच्या बोलण्यातलं एक वाक्य माझ्या मनात अडकून बसलं होतं.

तो गेल्यावर मी अंगठा ओला केला आणि आट्यांतल्या त्या लाल रंगावर घासला. अंगठा कोरा राहिला. कुंकू असं वागत नाही. मग सुईने खरवडलं, तर त्याचा बारीक कडक चुरा निघाला, प्लॅस्टिकचा निघतो तसा.

आणि तेव्हा प्रभूचं बोलणं माझ्या डोक्यात लख्ख उजळलं. सुटला तरी सुटेना, शेवटच्या आट्यापर्यंत रडवलं. मी स्वतःवरच चिडले. फिटर म्हणवते आणि हे मला ऐकल्या ऐकल्या कळू नये?

६

रविवारी जवळ्याच्या त्या शेडात मी सगळ्यांना बोलावलं. बचत गटाच्या अध्यक्ष चंद्रभागाबाई बाजेवर बसल्या होत्या. बोलणं कमी आणि नजर कडक असलेली बाई. प्रभूने हातात एक घडी केलेला कागद धरला होता. त्यात प्रमोदचं नाव लिहिलेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ज्ञानबा खांबाला टेकून उभा. रतनसिंग दोन्ही मशीनं घेऊन आला होता. प्रमोद आणि केशरबाई शेडाच्या बाहेर उभे होते. त्यांना आत या म्हणून कोणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं.

"आधी मशीनं," मी सुरुवात केली. "खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवा. आणि पाइप घालून दोन माणसं लटकवणं हे काही माप नव्हे. पाइप घातला की एक माणूस ट्रकचं चाकही खोलतो. दोघं लागले तिथेच तुम्हाला संशय यायला हवा होता, प्रभू."

आडतीवरून किलो-किलोची वजनं आणवली होती. पान्याला बरोबर एक मीटरचा पाइप लावला आणि टोकाला तराजूचं पारडं बांधलं. मशीनने नट आवळायचा, मग पारड्यात एकेक वजन टाकत जायचं. नट ज्या वजनाला फिरेल, तो मशीनचा खरा जोर. ह्या शेडाच्या बोल्टाला आठ किलो तोलून धरणं भाग होतं.

पिवळीचा नट पाचव्या किलोला फिरला. काळीने नऊ तोलले आणि दहाव्याला नट फिरला.

"आता कामावर असतं तसं," मी म्हणाले. दोन्ही मशीनांनी प्रमोदला चाळीस-चाळीस नट आवळायला लावले, म्हणजे बॅटरी दमेल. मग पुन्हा मोजलं. काळीने आठ राखले. पिवळी तिसऱ्या किलोला घसरली. चंद्रभागाबाईंनी वर छपराकडे पाहिलं आणि बाज उचलून बाहेर उन्हात नेऊन टाकली.

"म्हंजी मी म्हणलो तेच," प्रभू म्हणाला. "पिवळी कमजोर. कोणीतरी हातानं आवळला."

"नाही. हाताने आवळलेला नट कितीही घट्ट असला तरी एकदा कट करून सुटला की पुढे बोटाने फिरतो. बाटलीचं झाकण तसंच ना? तुमचा नट शेवटच्या आट्यापर्यंत जड गेला. तो आवळलेला नव्हता, चिकटवलेला होता." मी अँगल पुढे ठेवला. "हे कुंकू नव्हे. रतनसिंगच्या लाल बाटलीतलं औषध आहे. त्याला पाना लागत नाही. तेव्हा कोणाचा पाना पूजेत होता आणि कोणाचा नव्हता, याचा ह्या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही."

रतनसिंगने दोन्ही हात वर केले. "मॅडमजी, बाटली माझी. पण माझीच मशीन हरवायला मी कशाला टाकू?"

"म्हणूनच तुम्ही सुटलात. आणि प्रभू, उद्घाटनाला तुम्ही ह्याच छपराखाली तुमच्या लेकीला, दिपालीला पुढे बसवलं होतं. बोल्ट ढिले आहेत हे माहीत असलेला बाप असं करत नाही."

"आन् प्रमोद?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"प्रमोद दोन दिवस ह्याच पर्लीनवर उभा होता. खाली पंधरा फूट. पिवळीचा जोर खोटा आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो तिने आवळलेल्या बोल्टांवर स्वतःचं वजन टाकेल का?"

मी ज्ञानबाकडे वळले. मला हे नको होतं. चोर सापडला की आनंद होतो म्हणतात. मला झाला नाही.

"काका, औषध आवळायच्या आधी आट्यांवर टाकावं लागतं. दोन्ही नट तुम्हीच बोटांनी चढवलेत. तेवढ्यावर मी तुमचं नाव घेतलं नसतं. पण तुम्ही मला म्हणालात, मशीन पुढे आणि मी मागून पाना फिरवत येतो. दोन माणसांना दाद न देणारा नट ज्या मशीनने आवळला, तिच्या मागून पाना फिरवायची गरज तुम्हालाच का वाटली? सगळ्या दुकानाचा पिवळीवर भरवसा बसला होता. एकट्या तुमचा का बसला नाही?"

ज्ञानबाने खांबावरची पाठ काढली. माझ्याकडे नाही, प्रभूकडे बघून तो बोलला.

"मला वाटलं, हलकी मशीन जिंकली की पंधरा दिसात तिचं पितळ उघडं पडंल. चार नट ढिले निघतील, तुमी म्हणाल मशीनीचं काम न्हाई हे, आन् पुन्हा आमा सहा जणांना हाक माराल. एवढंच. मी मागून समदे आवळणारच व्हतो, मालक. तुमी नर्सीला धाडलं. तिथून मी दोनदा फोन केला, जवळ्याला जाऊ का म्हणून."

"आलता फोन," प्रभू हळूच म्हणाला.

"मग तेव्हाच खरं का नाही बोललात?" मी विचारलं.

"जीभ रेटली न्हाई. मग भिकाबाई पडली. मग ह्याचं नाव निघालं." त्याने प्रमोदकडे बघायचा प्रयत्न केला, पण नजर मध्येच खाली गेली. "आन् मी गप बसलो. पडलं ते चुकून पडलं. गप बसलो ते चुकून न्हाई. माझं नाव लिवा, चंद्रभागाबाई. मी सोता येतो ठाण्यात."

७

मला वाटलं, झालं. प्रभूलाही तसंच वाटलं असावं. त्याने हातातला कागद फाडला, प्रमोदच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल, झालं गेलं. उद्यापासून ये. काळी मशीन घेऊन टाकू, तूच चालव."

प्रमोदने तो हात हळूच खाली केला.

"मालक, भिकाबाईचं शेड मी पुरं करून देतो. समदे बोल्ट पुन्हा आवळतो. पर त्याच्या आधी माझं नाव परत द्या. जिथं घेतलं तिथंच."

प्रभूचे कान लाल झाले. "अरे, आता समद्यांसमोर कळलंच की."

"हितं दहा मान्सं हायत. तवा बाजार भरला व्हता."

प्रभू माझ्याकडे बघायला लागला, जणू मी मध्ये पडेन. मी पडले नाही. चंद्रभागाबाई उठल्या. "पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळी अकराला, बैलगाड्या सुटतात त्या चौकात. मी बी येते," त्या म्हणाल्या.

आणि प्रभू आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि घामाने भिजला होता. चौकात पाल ठोकलेले व्यापारी होते, भाजीवाल्या, कापूस घेऊन आलेली माणसं. केशरबाई आज चप्पल पायात घालून, डोक्यावरून पदर घेऊन पुढे उभी होती. प्रमोद तिच्यामागे.

प्रभूने घसा साफ केला आणि पुटपुटला, "प्रमोदचा काही दोष न्हाई. माझी चूक झाली."

जवळच्या चार जणांनी ऐकलं असेल. मागची माणसं भाव करण्यात गुंतली होती. प्रभू वळून निघणार, तेवढ्यात चंद्रभागाबाई म्हणाल्या, "नाव घेतलं तवा आवाज मोठा व्हता तुमचा. आता काहून बारीक झाला?"

प्रभू थांबला. मला वाटलं, हा आता चिडून निघून जाणार. पण तो शेजारच्या गाडीच्या जुवावर चढला, दोन्ही हात वर केले आणि ओरडला.

"ऐका हो! जवळ्याच्या शेडात प्रमोद खंदारेची काही चूक न्हाई! मी त्याच्यावर खोटा आळ घेतला! त्याच्या जागी माझ्या घरचा कोणी असता तर मी आधी इचारलं असतं! ह्याला न इचारता नाव घेतलं!"

भाव थांबले. माणसं वळून बघायला लागली, आधी प्रभूकडे आणि मग प्रमोदकडे. या खेपेला प्रमोदने मान खाली घातली नाही. पण तिशी ओलांडलेला तो माणूस आईच्या पदरात तोंड लपवून रडला. मीही रडले, हे लपवण्यात काय अर्थ आहे?

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, शेडावर चढतो. पडलेल्या पर्लीनचे बारा बोल्ट हायत, संध्याकाळपातूर होतील."